सुभेदार निघाला तेव्हा

माळेवाडीत कोण कुठल्या रिळाला रडतं, हे हरिबाला तोंडपाठ होतं. सोसायटीचा जुना चेअरमन सातव्या रिळाला रडायचा, पत्र्या नावाचा यंत्रमाणूस मोडून पडतो तेव्हा. स्वतःची बायको गेली त्या दिवशी मात्र हाच गडी मांडवात पान चघळत उभा होता. जाईबाई चौथ्याला. जोतिबा पैलवान कुठल्याच रिळाला रडायचा नाही, पण बर्फाखालून खेकडा निघाला की त्याला दरसाल बाहेर जाऊन यावं लागायचं. अशी छत्तीस माणसं हरिबानं डोक्यात नोंदून ठेवली होती. त्यांतली बावीस आता गेली होती, पण त्यांच्या नावापुढचं रीळ अजून तसंच होतं.

सदतिसावी बनुबाई. ती रडायचीच नाही. ती शेवटच्या रिळाला हसायची, आणि त्या हसण्याकडं बघायचं धाडस हरिबाला चोवीस वर्षांत झालं नव्हतं.

सिनेमा इंग्रजी होता. एकोणऐंशी साली तंबू थिएटरच्या मालकानं तो कुठून तरी उचलून आणला. भाषा ना मालकाला येत होती, ना रिळं चढवणाऱ्या तात्याबाला, ना आष्ट्यापासून पाटणपर्यंतच्या जत्रांतल्या माणसांना. तेव्हा मालकानं आवाज बंद केला आणि पडद्याशेजारी माइक देऊन चोवीस वर्षांच्या हरिबाला बसवलं. त्याची लायकी एवढीच, की तो कुस्तीच्या मैदानात पुकारा करायचा. "बघ आनि सांग," मालक म्हणाला. हरिबानं बघितलं आणि सांगितलं.

पाच माणसं आभाळात जातात. ज्या गोल यानातून जातात, त्याचं नाव हरिबानं भोपळा ठेवलं. त्यांच्या म्होरक्याला त्यानं सुभेदार केलं, कारण त्या पट्ट्यात दर दोन घरांआड एक माणूस पलटणीत होता आणि सुभेदार म्हटल्यावर पुढं काही समजावून सांगायला लागत नव्हतं. सगळे एका गोठलेल्या ग्रहावर उतरतात. तिथं वारा आहे, खेकडा आहे, भेगा आहेत. एकेक गडी पडतो. अकराव्या रिळात सुभेदाराच्या पायाखालचा बर्फ फाटतो आणि छातीपर्यंत दाढी वाढलेला तो भला माणूस खाली जातो. मग बारावं रीळ. एक दार. दारात सुभेदार, गुळगुळीत दाढी केलेला. बायको हसते. लहान पोरगी धावत येऊन त्याच्या गुडघ्याला मिठी मारते आणि हातात लाकडाचा घोडा देते.

"सुभेदार आलाऽऽ!" हरिबा ओरडायचा, आणि टोप्या उडायच्या.

शंका काढणारे सगळीकडं असतात. पाटणला एकानं विचारलं, खड्ड्यात दाढी हुती, ती कुठं गेली? हरिबा म्हणाला, "दुसऱ्या तोंडानं वर निघाला, दाढी केली, मग घरी आला. तसंच जंगली रूप घिऊन बायकोम्होरं जातोय व्हय सुभेदार?" कराडला इंजिनिअरिंगच्या एका पोरानं विचारलं, एवढ्या वर्षांत पोरगी वाढली कशी नाही? तेव्हा हरिबाला घाम फुटला. पण माइक हातात असला की त्याला सुचायचं. "तिकडं येळ येगळा चालतो गड्या. तिकडची बारा वरसं म्हंजी हितली एक रात." इंजिनिअर गप बसला. हरिबाला वाटलं, आपण थाप मारली. पोराला वाटलं, या गड्याला शास्त्र येतं.

पुढं तंबू गेले, मालक गेला, तात्याबा गेला. माळेवाडीच्या जत्रा कमिटीनं मात्र ते जुनं मशीन आणि रिळांची ट्रंक ठेवून घेतली होती. भैरोबाच्या जत्रेत पालखी, कुस्त्या आणि सुभेदार, यांतलं एकही चुकलं तर वर्ष वाईट जातं, असं लोक धरून चालले होते. आता टीव्हीवर याच्या शंभरपट भारी सिनेमे दिसायचे. यातला तर भोपळा दोरीला टांगलेला आहे हे शेंबडं पोरही दाखवायचं. तरी माणसं यायची. पुण्यात नोकरीला लागलेली पोरं रजा टाकून यायची आणि हरिबाच्या तोंडचं वाक्य त्याच्या आधी म्हणायची.

बनुबाईचा पलटणीतला लेक जयराज दोन हजार एक साली हिमकडा कोसळून गेला. गेला असं पलटण म्हणाली. चौकीवरचे चौघे गाडले गेले, तिघे सापडले, जयराज सापडला नाही. मागं एकवीस वर्षांची बायको संयोगिता आणि वर्षाची पोर क्रांती. त्या साली जत्रेला जावं की नाही यावरून भावकीत कुजबुज झाली, पण बनुबाई आली. पुढं बसली, सगळा खेळ बघितला, आणि माणसं पांगल्यावर माइकची वायर गुंडाळणाऱ्या हरिबापाशी येऊन उभी राहिली.

"हरिबा, बरफात येळ येगळा चालतो म्हनलास. त्ये खरं न्हवं?"

"व्हय वैनी," हरिबा म्हणाला.

तेवढ्या दोन शब्दांवर त्या घराची चोवीस वर्षं चालली. खरं तर हरिबाच्या थापेतसुद्धा हिशेब उलटा होता; तिकडं वर्षं जायची आणि इकडं रात्र. पण आईला कोण हिशेब शिकवणार?

बनुबाईनं घराला नियम लावला. घर कधी रिकामं राहायचं नाही. एक बाहेर गेली की दुसरीनं घरात थांबायचं. दाराला कुलूप नव्हतं, कुलूप घरातच नव्हतं. जत्रेतून येताना बनुबाई दरसाल दाढीच्या ब्लेडचं नवं पाकीट आणायची आणि कोनाड्यात आरशापाशी ठेवायची. जुनं गंजलेलं काढून टाकायची. सुभेदार दाढी करून घरी आला होता. जयराजला वाटेत सोय झाली नाही, तर घरात असावी.

आणि सासू जत्रेत खेळ बघायला जायची म्हणून सून घर धरून बसायची. ज्या सिनेमानं तिचं आयुष्य असं खिळवून ठेवलं होतं, तो संयोगितानं कधी बघितलाच नव्हता.

*

यंदा ट्रंक उघडली तर रिळं एकमेकांना चिकटून त्यांचा गूळ झालेला. आंबूस वास सगळ्या देवळात भरला. जत्रा कमिटीचा अध्यक्ष वीरधवल, वय तीस, खिशात दोन मोबाइल, म्हणाला, "आण्णा, सोडा. मी नवीन कॉपी मिळवतो. एकदम स्वच्छ. मंगल कार्यालयात एलईडी वॉल लावू, दुपारी चारला खेळ. आवाज बंद, माइक तुमचाच." आणि आठ दिवसांत त्यानं सिनेमा मिळवून गावाच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

तो संयोगितानं घरात बसून मोबाइलवर बघितला. दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर ती हरिबाच्या दारात आली. बाई बोलायला थोडी, चालायला झपाझप; आज पायरीवर आली आणि तिथंच थांबली.

"मामा, सुभेदार परत येत न्हाई."

"कोन म्हनतं?"

"बघितला की मी. दारातला परसंग सुरवातीला हाय. त्यो तवा निघालाय. घोडा दिऊन पोरगी त्याला लावून देत्या. शेवटाला त्यो खड्ड्यात जातो, आनि संपतं."

हरिबा हसला. "मोबाइलमधला चुकीचा आसंल. हल्ली कायबी कापून डकवत्यात."

"बघा तुमीच."

तिनं मोबाइल त्याच्या मांडीवर ठेवला. हरिबानं बघितलं. दोन तास त्यानं तिला साधं बसही म्हटलं नाही. दारातला सुभेदार गुळगुळीत होता. मग भोपळ्यात बसल्यावर थोडे खुंट. मग बोटभर. मग छातीपर्यंत. दाढी शिस्तीत वाढत गेली. नवव्या रिळातल्या वाऱ्यात सुभेदारानं खिशातून लाकडी घोडा काढला आणि छातीशी धरला. हरिबा तिथं वर्षानुवर्षं सांगत आला होता की, घोडा पत्र्यानं कोरून दिला. शेहेचाळीस वर्षं त्यानं जिथं जिथं ठिगळ लावलं होतं, तिथं तिथं मूळ कापड निघालं. आणि अगदी शेवटी, त्यांच्या रिळात जळून गेलेला, कधीच न दिसलेला एक तुकडा होता. बर्फ मिटलाय. वर घोडा पडलाय. त्याच्यावर बर्फ पडतोय.

हरिबाला पाटणच्या अलीकडचा फरशी पूल आठवला. पहिलंच साल. ट्रक पाण्यात बंद पडलेला, डबे भिजलेले, वरचे नंबराचे कागद वाहून गेलेले. तात्याबानं हातात रंगाचा डबा घेऊन विचारलं होतं, "ह्यो दाराचा परसंग कितवा रं लिहू?" आणि हरिबा म्हणाला होता, "शेवटाला लिही. मानूस घरी येतो तवाच गोष्ट संपत्या की."

संयोगिताच पुढं बोलली.

"क्रांतीचे दिस भरत आल्यात. बीपी वाढलंय. कराडच्या डाक्तरनी हलायचं न्हाई म्हनून सांगितलंय, त्यामुळं हितं आनता येत न्हाई. आठ दिस हातात हायेत. जावई एकटा, त्याची आई न्हाई. पोरगी फोन करत्या आनि बोलत न्हाई मामा, नुसती श्वास घेत्या. मला कळतं, ती भ्यालीया."

"मग जा की तू."

"कशी जाऊ? क्रांतीच्या लगनाला एक रात कराडला ऱ्हायले, तर आत्या रातभर उंबऱ्यात बसल्या, पहाटं तोल गेला, मनगट मोडलं. तवापास्नं एक डोळाबी अधू झाला. एकट्या ऱ्हात न्हाईत, संगट येत न्हाईत. घर उघडं टाकू? त्यो आला म्हंजी? एवढंच. पलटनीचं पत्र दाखवलं, भावकीनं सांगून बघितलं. म्हनत्यात, हरिबाला इचारा."

हरिबानं मान खाली घातली.

"तुमी एकदा व्हय म्हनला हुता. आता एकदा न्हाई म्हना. माझ्यासाठनं नगं. मी काय, चोवीस वरसं बसले, आनि बशीन. त्या पोरीसाठनं."

"तिचा जीव जाईल गं, बनुवैनीचा."

"आनि माझ्या पोरीचा गेला तर?" संयोगितानं मोबाइल उचलून पदरानं पुसला. "त्या दोघींचं वजन तुमी करा. तुमाला सगळ्यांचं ठावं आसतं म्हनं."

*

हरिबा पहिल्यांदा गेला तो बनुबाईकडं नव्हे, वीरधवलकडं. भ्यालेला माणूस आधी सोपं दार वाजवतो.

वीरधवल वैतागलेला होता. "आण्णा, ग्रुपवर लोकांनी शिव्यांचा पाऊस पाडलाय. सिनेमा उलटा आणला म्हणतात. मी सांगतोय, अरे हाच खरा आहे, तर जोतिबा आज्जा म्हणतो, ‘तुज्या बापानं बघितल्याला खरा का तुजा?’ आता करायचं काय? मी कापून देऊ? दोन नंबरचा तुकडा उचलायचा, मागं जोडायचा. दोन मिनिटांचं काम आहे."

हरिबाला वाटलं, देव असाच येत असावा, खिशात दोन मोबाइल घेऊन. दोन मिनिटांत सगळं पहिल्यासारखं.

"बाकीच्या जगात ह्यो कसा बघत्यात?" त्यानं विचारलं.

"आहे तसा. लय मोठे चाहते आहेत, आण्णा. पन्नासाव्या वर्षाला लोक हातात लाकडी घोडे घेऊन जमले होते म्हणे. म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन."

"तितं सुभेदार मरतो?"

"मरतो की."

"ठावं आसून बघत्यात?"

"ठाऊक आहे म्हणूनच बघतात, असं एकानं लिहिलंय. निघतानाचा तो हसरा चेहरा बघवत नाही म्हणे, आणि तरी तो बघायलाच जातात."

हरिबाला हे पटलं नाही, पण डोक्यातून गेलंही नाही. तो "कापू नगं, मी सांगतो," म्हणून उठला, आणि काय सांगणार हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

तिथून तो बनुबाईकडं गेला. वाटेत त्यानं वाक्य जुळवलं, सात शब्दांचं. उंबऱ्यावर त्यातले तीन राहिले. बनुबाई कोनाड्यातला आरसा राखेनं घासत होती.

"ये हरिबा. यंदा भिंतीएवढं चित्र आसनार म्हनं?"

"व्हय वैनी."

"बरं झालं. एका डोळ्यानं तोंड नीट दिसत नव्हतं. आता दाराम्होरं आला म्हंजी नीट बघंन." तिनं आरसा उजेडाला धरला. "संयोगिता, चहा टाक गं. ह्यानं आपल्याला लय धीर दिलाय."

आतल्या दारात संयोगिता उभी होती. ती चहा टाकायला हलली नाही. हरिबाकडं नुसती बघत राहिली. हरिबानं आढ्याकडं बघितलं, आरशाकडं बघितलं, शेवटी स्वतःच्या पायांकडं बघितलं. चहा आला, तो त्यानं तोंड भाजून घेत प्याला आणि निघाला. फाटकापाशी संयोगिता मागून आली.

"क्रांतीचे पाय सुजल्यात," ती म्हणाली. बाकी काही नाही.

घरी येऊन हरिबा देवळातून उचलून आणलेल्या रिकाम्या ट्रंकेवर बसला. उभ्या आयुष्यात त्याला कोणी दुसरं काही विचारलं नव्हतं. उसाची लागण कधी करावी हे विचारायला लोक दुसरीकडं जायचे, पोरीचं स्थळ विचारायला आणखी तिसरीकडं. त्याच्याकडं यायचे ते एकच विचारायला: सुभेदार आला का? आणि तो म्हणायचा, आला. ते काढून घेतलं तर हरिबा नावाच्या माणसात शिल्लक काय राहत होतं? एक म्हातारा, एक ट्रंक आणि ट्रंकेचं पितळी कुलूप.

शेवटी त्यानं एक भित्री युक्ती काढली. सिनेमा आहे तसा लावायचा. आपण तोंडानं काही बोलायचं नाही, चित्रच सांगेल. दार सुरुवातीला, खड्डा शेवटी. बनुवैनी बघेल, तिचं तिला कळेल, आणि कुणी विचारलं तर आपण म्हणू, मी कुठं काय म्हटलं?

*

चार वाजता मंगल कार्यालय गच्च भरलं. बसायला जागा नाही म्हणून पोरं जेवणावळीच्या टेबलांवर चढली होती. बनुबाई पहिल्या ओळीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी. पिशवीतून ब्लेडच्या पाकिटाचा कोपरा दिसत होता. संयोगिता अर्थातच घरी.

हरिबानं माइक घेतला. पहिलं रीळ बरं गेलं. भोपळा आला, शिट्ट्या झाल्या, पोरांनी त्याची वाक्यं त्याच्या आधी म्हटली. मग भिंतभर दार उघडलं. इतकं मोठं, की आत जाता येईल.

दारात सुभेदार. गुळगुळीत गाल, गालावरचा तीळसुद्धा दिसत होता. शेहेचाळीस वर्षांत तो कुणाला दिसला नव्हता.

सभागृहात गोंधळ उडाला. "आरं, शेवट आधीच लावला!" "वीरधवल, ठोंब्या, बंद कर!" हरिबा गप्प. ठरवल्याप्रमाणं चित्राला बोलू देत होता.

बनुबाई उभी राहिली.

तिनं मान वर करून तो भिंतीएवढा चेहरा नीट बघितला, डोळ्यावर हात धरून, उन्हात बघतात तसा. मग ती हसली, दरसालसारखी. वळली, आणि घाईनं पिशवी सावरत ओळीतून बाहेर पडायला लागली.

"बनुआज्जी, कुठं निघाला? आत्ता तर चालू झालाय," कुणीतरी म्हणालं.

"आला की! यंदा लौकर आला," बनुबाई म्हणाली. "घरी जाया पायजे. वाट सोडा. संयोगिताला सांगाया पायजे, पानी तापव म्हनून."

हसू पिकलं. मग ज्यांना कळलं त्यांचं हसू तोंडातच राहिलं. बायकांनी पाय आखडून तिला वाट दिली. तिचा तो अधू डोळा आणि मोडून सांधलेलं मनगट, आणि ती चाललेली लगबग. हरिबाच्या ध्यानात आलं की, चित्र काहीच सांगत नाही. दारात उभा असलेला माणूस यायला उभा आहे की जायला, हे चित्राला कुठं माहीत असतं? ते शेहेचाळीस वर्षं त्यानंच सांगितलं होतं. आणि आता ही बाई घरी जाणार होती. उंबऱ्यात बसणार होती. पाणी तापत राहणार होतं. तिकडं कराडला एक पोर फोन कानाला लावून श्वास घेत होती.

"वैनी!"

माइकमधून आलेला आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. बनुबाई थांबली.

"वैनी, खाली बसा. ह्यो आल्याला न्हाई."

त्यानं भिंतीकडं बोट केलं.

"ह्यो निघालाय. आत्ता निघालाय घरातनं. आमी रीळ चुकीचं लावलं हुतं. मीच सांगितलं तात्याबाला, शेवटाला लाव म्हनून. ह्यो... ह्यो परत येत न्हाई, वैनी. कवाच आला न्हाई."

"आरं हरिबा, म्हातारा झालास, इसरलास!" मागून जोतिबा पैलवान ओरडला. "बाईला कशाला छळतोयस? गप आला म्हन!" चारदोघांनी टेबलं बडवली. "आला म्हना! आला म्हना!"

बनुबाईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. ती भिंतीकडं वळली. तिथं सुभेदाराची बायको हसत होती, दात दिसेपर्यंत.

"निघालाय, तर मग ही हसती कशापायी?"

हरिबानं माइक तोंडाजवळ धरला. "तिला ठावं न्हाई, वैनी."

"आनि तुला?"

"मलाबी ठावं नव्हतं. मी आपलं... मानसं खूश हुत हुती."

बनुबाई उभीच. भिंतीवर पोरीनं घोडा दिला, सुभेदारानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, दार मिटलं. ते मिटल्यावर बनुबाई परत ओळीत आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "सांग पुढं. खरं सांग."

हरिबानं सांगितलं. जुनं एकही वाक्य कामाचं राहिलं नव्हतं. पोरांनाही पुढचं म्हणता येईना. घोडा निघाला तेव्हा त्यानं तो पोरीचा आहे असं सांगितलं, आणि चौथ्याची रडणारी सातव्याला रडली, सातव्याचा आणखी कुठं. त्याची सगळी नोंद मोडली. जोतिबा खेकड्याला उठलाच नाही. शेवटी बर्फ फाटला, मिटला, वर घोडा राहिला. त्यावर बर्फ पडत असताना हरिबानं माइक खाली ठेवला.

एकही टोपी उडाली नाही. माणसं उठली, आणि जाताना कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. वीरधवल वायरी गोळा करत तोंडातल्या तोंडात म्हणाला, "मी म्हटलं होतं, कापून देतो."

बनुबाई शेवटची उठली. हरिबासमोरून गेली, थांबली नाही.

*

सकाळी हरिबा चूळ भरत होता, तोंड आजारी माणसासारखं. फाटक वाजलं. बनुबाई. धुवट लुगडं, काखेत गाठोडं. मागं रस्त्यावर संयोगिता एसटीच्या वाटेकडं तोंड करून उभी, हातात दोन पिशव्या.

हरिबानं तोंड पुसलं. शिव्या खायला तो तयारच होता.

"तुज्याकडं कुलूप हाय का रं?" बनुबाई म्हणाली. "आमच्या घरात न्हाई."

तो आत गेला. ट्रंकेला लावलेलं पितळी कुलूप काढायला त्याला वेळ लागला. किल्ली नेहमीच्या खिळ्याला होती, तरी तो ती दुसरीकडं शोधत राहिला. बनुबाईनं कुलूप घेतलं, तळहातावर तोलून बघितलं, आणि दोघी घराकडं गेल्या. थोड्या वेळानं ती एकटी परत आली.

"लावलं," म्हणाली. "कडी वाकडी हाय, पन बसलं." मग तिनं किल्ली पुढं केली. "ही तुज्यापाशी ऱ्हाऊ दे."

"मला कशाला, वैनी? संगट न्या की. महिनाभर ऱ्हायला लागंल तुमाला."

"घे." तिनं किल्ली त्याच्या हातात दाबली आणि त्याची मूठ स्वतःच्या हातांनी मिटली. तिचं वाकडं मनगट गार होतं. "तू म्हनतूस त्ये खरं आसंल. काल बघितलं मी, सगळं बघितलं. पन तू आधीबी खरंच सांगत हुतास न्हवं?"

तिनं त्याची मूठ सोडली.

"कुनी आलाच, तर दार उघडून दे. पानी तापव. पाकीट कोनाड्यात ठेवलंय, नवं हाय."

एसटीनं वळणावर हॉर्न दिला. संयोगितानं लांबून हाक मारली, "आत्या, चला!" त्या आवाजात कितीतरी वर्षांची घाई होती. बनुबाई निघाली, मागं न बघता, गाठोडं सावरत.

गाडी गेल्यावर हरिबा अंगणात आला. त्याच्या ओट्यावरून बनुबाईचं दार सरळ दिसायचं. इतकी वर्षं त्यानं तिकडं पाठ करून बसायची जागा धरली होती. त्यानं बाजलं उचललं, फिरवलं, आणि त्या दाराकडं तोंड करून बसला. मूठ त्यानं उघडली नाही.

दहाच्या सुमाराला वीरधवल विचारायला आला, आण्णा, पुढच्या साली कुठला लावायचा, खरा का जुना? हरिबानं त्याला हातानं बाजूला व्हायला सांगितलं. तो मध्ये उभा राहिल्यामुळं दार दिसत नव्हतं.